काळे हात

गेल्या आठवड्यात दहावी झालेला एक विद्यार्थी अब्बांना घेऊन शिरूरहून माझ्याकडे दौंडला आला. त्याला मेकॅनिकल डिप्लोमा करायचाय. अब्बा म्हणाले, “सर, तेलात हात काळे करायला शिकवलं का याला? तुम्हीच समजवा.”

मी दोघांना बसवलं आणि विक्रांतची गोष्ट सांगितली.

१९७१ साली आपल्या नौदलाकडे हे एकच विमानवाहू जहाज होतं, तेही वाफेवर चालणारं. दौंडकरांना वाफ वेगळी समजवायला नको. जंक्शनवर कोळशाची इंजिनं पाहिलेले बुजुर्ग अजून आहेत. विक्रांतच्या चार बॉयलरपैकी एकाला तडे गेले होते, म्हणून पूर्ण वेग मिळत नव्हता. डेकवरून विमान उडायचं तर जहाज वेगात हवं. विमानाला पुढे फेकणारं यंत्रही वाफेवरच चालायचं. असं जहाज लढाईत न्यावं की नाही, हाच प्रश्न होता.

जहाजाचे इंजिनीअर अधिकारी होते कमांडर बिनॉय रॉय चौधरी. उरलेल्या तीन बॉयलरवर त्यांनी जहाज चालवून दाखवलं. दाबाखालची वाफ फुटली तर इंजिनरूममधल्या माणसाला पळायला जागा नसते. वर शत्रूची भीती, खाली वाफेची. तरी वाफ कमी पडली नाही. ४ डिसेंबरला विक्रांतवरून सी हॉक विमानं उडाली आणि कॉक्स बाजार, चितगाववर हल्ले झाले. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. विक्रांतचे कॅप्टन स्वराज प्रकाश यांना महावीरचक्र मिळालं आणि बंदूक न चालवणाऱ्या चौधरींना वीरचक्र.

नौदलाचे इंजिनवाले जिथे शिकतात ती आयएनएस शिवाजी ही संस्था आपल्याच जिल्ह्यात, लोणावळ्यात आहे, १९४५ पासून. बारावीला भौतिक, रसायन, गणित घेऊन जेईई मेन दिली, तर नौदलात अधिकारी होऊन बी.टेक. करण्याचीही वाट आहे. म्हणून मुलाला मी म्हटलं, डिप्लोमा की अकरावी सायन्स, हे नीट विचार करून ठरव.

अब्बा बराच वेळ गप्प होते. “याच्या चाचांना विचारून सांगतो,” म्हणाले. अजून निरोप नाही.

वाचकहो, आपल्या घरांत गॅरेजवाले, फिटर, वेल्डर कमी नाहीत. त्यांच्या हुनरावर घर चालतं आणि त्यांच्यासमोरच आपण मुलांना सांगतो, “शिकला नाहीस तर असे हात काळे होतील.” हे वाक्य यापुढे घरात नको. फॉर्म भरायची मुदत संपण्याआधी मुलाला एकदा विचारा, त्याला काय आवडतं.