नापासांची यादी

रोपवाटिकेतून फुललेलं रोप आणायचं, गच्चीत मिरवायचं आणि मेअखेर रिकामी कुंडी कोपऱ्यात सरकवायची, हा अकोला-नागपूरकडचा वार्षिक कार्यक्रम. ठपका मात्र घरातल्या पाणी घालणाऱ्यावर! शेडनेटखाली, कोकोपीटमध्ये लाडानं वाढलेल्या त्या रोपाला ४५ अंशांची गच्ची झेपेल का, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं आणि घेणाराही विचारत नाही.

अमेरिकेच्या जॉर्जिया विद्यापीठानं १९८२ पासून हेच विचारायचं काम अंगावर घेतलं आहे. अ‍ॅलन आर्मिटेज आणि मायकेल डर यांनी अथेन्स गावी सुरू केलेल्या चाचणी-बागेत कंपन्यांचे नवे वाण जमिनीत लावतात आणि दक्षिणेचा दमट उन्हाळा त्यांच्यावरून जाऊ देतात. उकाड्याच्या रात्रीही रोपाला भर दुपारइतक्याच जाचतात. रात्र तापलेली असली की श्वसनाचा वेग उतरत नाही आणि दिवसभर कमावलेली साखर रात्रीतच खर्ची पडते. मग पिटुनियाला मधोमध टक्कल पडतं, फांद्या लांबत जातात, टोकाला एखादं फूल लोंबत राहतं. शेजारी पेंटास, अँजेलोनिया, घाणेरी खुशाल फुललेली.

या बागेचे गुण जाहीर होतात, पास-नापास दोघांचेही. अमेरिकेतलीच १९३२ पासूनची ‘ऑल-अमेरिका सिलेक्शन्स’ ही नामांकित स्पर्धा फक्त विजेत्यांची नावं सांगते, हरलेल्यांवर पडदा. कंपन्यांना ते सोयीचं. कुंडीसाठी पैसे मोजणाऱ्याला मात्र नापासांची यादीच आधी हवी.

आपली कृषी विद्यापीठं कापूस-तुरीचे वाण हंगामामागून हंगाम पारखतात. फुलांतही गुलाब, निशिगंध, झेंडू अशा बाजारात चालणाऱ्यांवरच मुख्य भर. दुभाजकावरच्या रोपट्याला वाली नाही. शिवाय आपल्याकडे पेपर दोन आहेत. मेच्या उन्हाला पुरून उरलेली सदाफुली जुलैच्या चिखलात मुळापासून कुजते, म्हणजे नुसती उन्हाळ्याची चाचणी इथे अर्धीच.

दोन्ही ऋतूंची अशी चाचणी आपल्याकडे सुरू होईल तोवर महापालिकांना एक करता येईल. सुशोभीकरणाच्या निविदेत रोपांची निम्मी रक्कम पहिला उन्हाळा आणि पहिला पावसाळा उलटल्यावर, जगलेली रोपं मोजून द्यावी. कोणतं रोप कुठे टिकतं, याची माहिती कंत्राटदार स्वतःच गोळा करू लागतील.