आमच्याच पैशाने, आम्हांला न विचारता

गोव्याच्या पेडणे तालुक्यात रात्री-अपरात्री कुणाच्या छातीत कळ आली की घरच्यांपुढे एकच प्रश्न असतो: म्हापसा की बांबोळी? कोरगाव, केरी, हरमलहून निघालेली १०८ची गाडी म्हापशाच्या जिल्हा इस्पितळाकडे सुटते. तिथे निभावण्यासारखे नसले तर पर्वरी मागे टाकून, मांडवी ओलांडून बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे गोमेकॉ, गाठायचे. आणि आपल्याच तालुक्यात, तुये येथे, शंभर खाटांच्या इस्पितळाची इमारत बांधलेली आहे आणि बंद आहे. लक्ष्मीकांत पार्सेकर मुख्यमंत्री असतानाच्या काळातले हे काम. ते २०१७ साली पायउतार झाले. त्यानंतर पुन्हा मनोहर पर्रीकर आले, मग डॉ. प्रमोद सावंत आले, २०२२ची विधानसभा निवडणूकही होऊन गेली. २०२५ची दिवाळी दारात आली तरी या इमारतीतल्या खाटेवर पेडण्याचा रुग्ण झोपलेला नाही.

वर्षभर या एका गोष्टीने आमचा पिच्छा सोडला नाही. या दिवाळी अंकासाठी साहित्य मागवताना, मुद्रिते तपासताना, जाहिरातीसाठी दुकाने पालथी घालताना जो भेटेल तो याच विषयावर येत होता. म्हणून यंदाचे संपादकीय त्यावरच लिहायचे ठरवले. वाचकांना ते कडू वाटले तर वाटू दे. दिवाळीत गोड फराळाबरोबर कडू कारीटही असतेच, आणि ते फोडल्याशिवाय आपली दिवाळी उजाडत नाही.

तुयेच्या लोकांनी, तुये इस्पितळ कृती समितीने, मागितले ते फार नाही. इस्पितळ गोमेकॉशी जोडा, तज्ज्ञ डॉक्टर द्या, आहे तेच सामुदायिक आरोग्य केंद्र नव्या इमारतीत हलवून वेळ मारून नेऊ नका. एवढेच. राज्याचा २०२५-२६चा अर्थसंकल्प २८ हजार कोटींच्या वर गेला. २०११च्या जनगणनेत सबंध गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती आणि पेडणे तालुक्याची ७५,७४७. इतक्या थोड्या माणसांच्या राज्यात इतका पैसा असताना एक इस्पितळ सुरू होत नसेल, तर पैसा नाही ही सबब कुणी सांगू नये. पैसा आहे. तो कशावर, कधी आणि कुणाच्या सांगण्यावरून खर्च व्हावा हे ठरवताना ज्याला गरज आहे त्याला कुणी विचारत नाही, हे खरे दुखणे आहे. सरकारची मनमानी आणि सरकारची उधळपट्टी यांवर आपण वेगवेगळी बोटे मोडतो. आमच्या मते ते एकच दुखणे आहे. जिथे लोकांना विचारणे थांबते, तिथेच पैसा वाया जायला सुरुवात होते.

हे पटत नसेल तर धारगळ हे एकच गाव घ्या. या गावात क्रीडानगरी होणार म्हणून शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या. क्रीडानगरी झाली नाही. पुढे त्यातल्या जागेवर आयुष खात्याची अखिल भारतीय आयुर्वेद संस्था आली. ११ डिसेंबर २०२२ रोजी, मोपा विमानतळाच्याच दिवशी, पंतप्रधानांनी तिचे उद्घाटन केले. संस्था चांगली आहे, लोक तिथे उपचाराला जातात, याबद्दल आमची तक्रार नाही. पण ज्या कारणासाठी जमीन घेतली ते कारणच उरले नाही, तेव्हा ज्याची जमीन होती त्याच्या दारात जाऊन, बाबा, आता असे करू का, असे विचारायला नको होते का? शेतकऱ्याला आपली जमीन कशाला गेली हे पाटी लागल्यावर कळावे, हा कुठला न्याय?

त्याच धारगळात तिळारीचे पाणी आले. तिळारी हा महाराष्ट्र आणि गोवा यांचा संयुक्त प्रकल्प. १९९०च्या करारानुसार खर्चाचा जवळपास पाऊण वाटा गोव्याने उचलायचा. दशकानुदशके त्यात कोट्यवधी रुपये ओतले ते पेडणे, डिचोली, बार्देशच्या शेतात पाणी खेळावे म्हणून. कालवे खणले, जमीन ओलिताखाली यावी म्हणून लाभक्षेत्र जाहीर केले. आणि २०२२ साली याच लाभक्षेत्रातली सुमारे ३.३३ लाख चौरस मीटर जमीन एका कॅसिनो कंपनीच्या करमणूकनगरीसाठी मोकळी करण्याचा घाट घातला गेला. गुंतवणूक प्रोत्साहन मंडळाने प्रकल्पाला मान्यता दिली. आधी जनतेच्या पैशाने शेतापर्यंत पाणी न्यायचे, मग ते शेतच लाभक्षेत्रातून वगळायचे: उधळपट्टी कुठे संपली आणि मनमानी कुठे सुरू झाली, हे सांगता येईल का कुणाला? त्याच गावात डिसेंबर २०२४च्या अखेरीस सनबर्न संगीत महोत्सव झाला. गावात विरोध होता, पंचायत मंडळात मते दुभंगली होती, प्रकरण उच्च न्यायालयाच्या दारापर्यंत गेले. पण स्पीकर वाजायचे ते वाजलेच. सुकेकुळणच्या शेतकऱ्यांनी मोपाच्या सहापदरी जोडरस्त्यासाठी आपली कसती जमीन जाताना पाहिली, तीही इथेच.

ज्या तिळारीवर इतका खर्च झाला, तिच्या कालव्याला भगदाड पडले की चांदेलचा १५ एमएलडीचा (दिवसाला दीड कोटी लिटरचा) जलशुद्धीकरण प्रकल्प थंडावतो आणि पेडण्याच्या नळांना कोरड पडते. मग बाया कळश्या घेऊन विहिरीवर, आणि ज्यांच्या विहिरी आटल्या ते टँकरच्या वाटेकडे डोळे लावून. कालवा बांधायला निधी होता, तो राखायला नाही. नवीन कामाला कोनशिला असते, फीत असते, फोटो असतो. डागडुजीला यातले काहीच नसते, म्हणून तिला वाली नसतो.

जमिनीचे तर विचारूच नका. २०२२च्या अखेरीस पेडणे तालुक्याचा झोनिंग आराखडा आला. गावोगावचे लोक उठले, सभा झाल्या, आणि सरकारला तो मागे घ्यावा लागला. तेवढ्यावर थांबले असते तर आम्ही त्याला चूक समजून सोडून दिले असते. पण पुढच्याच वर्षी नगरनियोजन कायद्यात कलम १७(२) आले. प्रादेशिक आराखड्यातल्या नजरचुका दुरुस्त करायच्या, असे त्याचे कारण सांगितले गेले. प्रत्यक्षात एकेका मालकाच्या अर्जावर शेते आणि बागायती रंग बदलून वसाहत क्षेत्र होऊ लागल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने १३ मार्च २०२५ रोजी त्याखालचे नियम रद्द केले. तोवर २०२४ साली जमिनीचा झोन बदलू देणारे आणखी एक कलम, ३९-अ, कायद्यात येऊन बसले होते. त्यात हरकतींसाठी महिन्याची मुदत आहे. पण आपल्या शेजारचा डोंगर विकायला निघाला आहे, हे कोरगावच्या शेतकऱ्याने रोज राजपत्र उघडून शोधायचे काय? मोपाच्या वेळीही हेच झाले होते. २९ मार्च २०१९च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने विमानतळाच्या पर्यावरणीय परवान्याच्या प्रक्रियेतल्या त्रुटींवर आणि सादर न केलेल्या माहितीवर कडक शब्दांत बोट ठेवले आणि परवाना स्थगित केला. पुढच्या जानेवारीत ती स्थगिती अटींसह उठली, विमानतळ झाला, त्याला पर्रीकरांचे नावही दिले गेले. विमानतळाला आमचा विरोध नाही. पण ज्या पठारावर आपली गुरे चरली त्या पठाराबद्दलची खरी माहिती गावाला आधी मिळायला हवी होती, न्यायालयात कुणी गेल्यावर नव्हे.

आमच्या वाचकांना सर्वांत जास्त लागलेला घाव मात्र कला अकादमीचा. चार्ल्स कोरियांनी मांडवीच्या काठी उभारलेली ती वास्तू म्हणजे गोव्याच्या नाट्यवेड्यांचे माहेर. हौशी नाट्यस्पर्धेसाठी पेडण्या-डिचोलीतून टेम्पोत नेपथ्य घालून गेलेली पिढी अजून गावागावांत आहे. नूतनीकरणासाठी ती काही वर्षे बंद राहिली, काम निविदा न काढता दिले गेले, आणि विधानसभेत कलामंत्र्यांनी त्याच्या समर्थनार्थ ताजमहालाचा दाखला दिला. जुलै २०२३मध्ये खुल्या रंगमंचाचा स्लॅब कोसळला. वास्तू पुन्हा उघडली, पण रंगकर्मींच्या तक्रारी थांबल्या नाहीत. शेवटी विजय केंकरे यांच्या नेतृत्वाखाली कृती दल नेमावे लागले. ज्या रंगकर्मींनी त्या मंचावर आयुष्य काढले त्यांना कामाच्या आधी बसवून विचारले असते, तर दुरुस्तीची दुरुस्ती करण्याची वेळ आली नसती. तुये असो, धारगळ असो की पणजी, गोष्ट तीच आहे.

यंदाच्या अंकाचा विषय आम्ही ‘सामाईक’ असा ठेवला: मांड, तळी, गायरान, देवराई, बांध. विषय ठरला तेव्हा हे संपादकीय डोक्यात नव्हते, पण दोन्हींचा सांधा आपसूक जुळला. आमच्या खाजन शेतीत मानस असते. भरतीचे खारे पाणी अडवणारे आणि ओहोटीला पाणी सोडणारे हे लाकडी दार. त्या मानशीवरच्या मासळीची दरवर्षी पावणी होते. चारचौघांत बोली लागते, कुणी किती बोली लावली हे बांधावरच्या प्रत्येकाला ऐकू येते, रक्कम कुळांच्या संघटनेकडे जमा होते आणि त्यातून बांधाची डागडुजी करायची असते. चिखल कुठला आणायचा, खांडी कुठे पडली, मजुरी किती दिली, हे ज्याचे शेत त्या बांधाआड आहे त्याला ठाऊक असते, कारण बांध फुटला तर शेत त्याचे खारे होणार. जिथे ही रीत मोडली, मानस मासळीच्या लोभाने चुकीच्या वेळी उघडी राहिली, तिथे शेते पडीक गेली. हेही आपण डोळ्यांनी पाहिले आहे. झळ ज्याला लागणार त्याच्यासमोर ठरवायचे आणि त्याच्यासमोर मोजायचे, ही शिकवण इथल्या मातीतली आहे. सचिवालयाने ती बाहेरून आणण्याची गरज नाही.

यावर सरकारकडून एक उत्तर नेहमी येते. प्रत्येकाला विचारत बसलो तर विकास व्हायचा कधी? आम्ही म्हणतो, तुयेत न विचारता काम झाले, मग ते का अडले? क्रीडानगरी न विचारता ठरली, ती कुठे आहे? विचारल्याने वेळ जातो हे खरे. पण न विचारता केलेली कामे न्यायालयात अडकतात, बंद पडून राहतात किंवा पुन्हा करावी लागतात, आणि त्यात गेलेला वेळ व पैसा कुणी मोजत नाही.

विचारायची जागा नवी शोधायला नको. गोवा पंचायतराज कायदा १९९४ पासून आहे, ग्रामसभा त्यातच आहे. पण ग्रामसभेचे आज काय झाले आहे ते आपण जाणतो. रविवारी दहा वाजता पंचायतघराच्या सभागृहात प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या, दाराशी सह्यांची वही, गणपूर्तीसाठी वाट पाहणारे पंच. कुणी म्हातारा उठून विचारतो, आमच्या वाड्यावरच्या रस्त्यासाठी किती आले? सचिव म्हणतात, ते काम खात्याचे. ठराव होतो, ‘वर पाठवतो’ म्हणून नोंद होते, आणि पुढच्या सभेत मागच्या इतिवृत्ताच्या वाचनात तो ठराव एक ओळ होऊन संपतो. तरुण म्हणतात, जाऊन उपयोग काय? हा प्रश्न आम्हांला सर्वांत जास्त घाबरवतो. कारण लोकांनी जायचे थांबवले की मनमानीला कुणाचा धाक उरत नाही.

म्हणून या अंकाच्या वतीने आम्ही तीन मागण्या मांडतो. एक, गावाच्या हद्दीत येणाऱ्या कुठल्याही सरकारी कामाचा अंदाजित खर्च, कंत्राटदार आणि मुदत काम सुरू होण्यापूर्वी ग्रामसभेत मराठी-कोकणीत वाचून दाखवावी. दोन, जमीन ज्या कारणासाठी घेतली ते कारण बदलले, किंवा जमिनीचा झोन बदलण्याचा अर्ज आला, तर त्या गावच्या ग्रामसभेचा कौल घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. तीन, बांधून पडून असलेल्या प्रत्येक सरकारी इमारतीची यादी दर अधिवेशनात सभागृहापुढे यावी, ती का बंद आहे आणि कधी सुरू होणार याच्या लेखी उत्तरासह. यांत एकही मागणी पैशाची नाही.

सरत्या वर्षाने आणखीही पुष्कळ दिले आणि नेले. ३ मेच्या पहाटे शिरगावच्या लईराई जत्रेत चेंगराचेंगरी झाली, धोंडांचे, म्हणजे देवीच्या व्रतस्थ भक्तांचे, जीव गेले. त्या घरांना आज दिवाळीचे अभ्यंग कसे गोड वाटणार? जयंत नारळीकर गेले, मराठीतून विज्ञान सांगणारा एक थोर आवाज गेला. मराठीला गोव्यात राजभाषेचा मान मिळावा ही मागणी पुन्हा जोराने उठली. ती आमची स्वतःची मागणी आहे आणि तिच्यावर या अंकात स्वतंत्र लेख आहे. 

वाचकहो, तुम्ही दरवर्षी हा अंक हक्काने मागून नेता, म्हणून आम्हीही हक्काने सांगतो. २०२७च्या आरंभी विधानसभेची निवडणूक येईल. उमेदवार दारात येतील, पाया पडतील. त्यांना आपल्या वाड्यावरची गटारे जरूर दाखवा, पण त्याआधी विचारा: तुयेचे इस्पितळ कधी सुरू होणार, आणि त्याची तारीख लिहून देता का? आणि येत्या ग्रामसभेला घरातल्या एका तरी तरुण माणसाला सोबत घेऊन जा. वहीवर सही करून परत येऊ नका. हिशेब वाचून होईपर्यंत बसा.



– संपादक