रंगाआधी किंग पिन पाहा

जुनी स्पोर्ट्स कार दुरुस्तीला आणणारा शौकीन गॅरेजवाल्याला पहिला प्रश्न विचारतो तो रंगाचा. मग सीटचे चामडे, मग क्रोमची चकाकी. पुढच्या चाकांच्या सस्पेन्शनची चौकशी सर्वांत शेवटी होते, आणि तोवर पैसे संपलेले असतात. आमचे मत याच्या अगदी उलट आहे. पुढचा भाग उघडून, मोजून, दुरुस्त झाल्याशिवाय गॅरेजवाल्याने रंगाचा डबाच उघडू नये. आणि हे काम केवळ पुण्या-मुंबईच्या बड्या वर्कशॉपचे आहे, असेही निमगाव केतकीच्या कारागिराने समजू नये.

निमगाव म्हटले की लोकांना पानमळे आठवतात. पण हा सारा पट्टा उसाचाही आहे. उसाच्या ट्रकची किंग पिन काढणे, नवे बुश बसवणे, रिमर फिरवणे हे काम इथल्या मिस्त्रींच्या हातात बसलेले आहे. हंगाम संपला, पाऊस सुरू झाला की हेच हात रिकामे राहतात. जुन्या गाड्यांचे काम त्या रिकाम्या महिन्यांत बसण्यासारखे आहे.

उदाहरणादाखल एमजीबी घ्या. इंग्लंडमध्ये ॲबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात ही गाडी बनली. पाच लाखांहून अधिक निघाल्या, म्हणून तिचे सुटे भाग इंग्लंडमध्ये आजही तयार होतात. (हल्ली आपल्या रस्त्यांवर दिसणाऱ्या हेक्टरवर तेच नाव आहे, बाकी दोघींचे नाते फक्त नावापुरते.) तिचे पुढचे प्रत्येक चाक वरच्या आणि खालच्या हातांच्या मध्ये उभ्या किंग पिनवर फिरते. खालच्या हातांच्या थाळीत कॉइल स्प्रिंग बसते. गंमत वरच्या हाताची आहे. तो शॉक ॲब्सॉर्बरचाच हात असतो. त्यामुळे शॉक ॲब्सॉर्बर आतून झिजला की गाडी नुसती उसळत नाही, चाकाचा कलही बिघडतो. ट्रकवर वाढलेल्या मिस्त्रीला ही एवढीच गोष्ट नवी आहे.

झीज ओळखायला मोठे यंत्र लागत नाही. चाक उचलावे, वरून आणि खालून धरून हलवावे. ढिलाई जाणवली तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगावे. आता ढिलाई गेली तर दोष हबच्या बेअरिंगचा. तशीच राहिली तर किंग पिनचा किंवा हातांच्या बुशचा. अंदाजाने भाग बदलत सुटणाऱ्यांनी एवढे केले तरी गिऱ्हाइकाचे बरेच पैसे वाचतील.

स्प्रिंगच्या बाबतीत मात्र घाई नको. दाबलेली स्प्रिंग निसटली तर हाड मोडते, जीवही जाऊ शकतो. थाळीखाली जॅक लावून, थाळीच्या दोन बोल्टांच्या जागी लांब आटे असलेले बोल्ट घालून ती हळूहळू सैल करायची असते. पोरासोरांना हे काम एकट्याने करू देणारा मालक आमच्या मते उस्ताद म्हणवून घ्यायला पात्र नाही.

आता स्थानिक बनावटीचा प्रश्न. बारामतीची औद्योगिक वसाहत जवळ आहे, लेथवर उत्तम हात असलेली माणसे मिळतात. ब्राँझचे बुश अवश्य तिथे करून घ्यावेत. परंतु किंग पिन साध्या शाफ्टमधून कातून घेऊ नये. तिचा पृष्ठभाग कठीण केलेला असावा लागतो, मऊ लोखंड थोड्याच दिवसांत झिजते. ती विकतच घ्यावी. वाकलेला हात तापवून सरळ करणे आणि गाडी खाली बसावी म्हणून स्प्रिंगचा वेढा कापणे, या दोन जुगाडांना तर सरळ नकार द्यावा. गिऱ्हाईक रागावून दुसरीकडे गेले तरी चालेल.

यात कायद्याचाही भाग आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरील गाड्यांच्या नोंदणीचे वेगळे नियम केले. नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क आहे, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल केलेला नसावा अशी अट आहे. झिजलेल्या पिनेचा त्रास चुकवण्यासाठी चासी कापून दुसऱ्या गाडीचा पुढचा भाग जोडणारा मिस्त्री मालकाची ही नोंदणीच धोक्यात घालतो.

हिशेबाबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. आपले लोक उघडून पाहण्याची मजुरी मागायला लाजतात आणि मग ती सुट्या भागांच्या किमतीत लपवतात. असे करू नये. तपासणीची मजुरी वेगळी लावावी, मापे कागदावर लिहून द्यावीत, काढलेले जुने भाग पिशवीत बांधून मालकाच्या हवाली करावेत.

राहिला प्रश्न शिकण्याचा. इंदापूर तालुक्यातच वालचंदनगर वसवणाऱ्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट ११०० आणि पद्मिनी निघाल्या. त्यांचे पुढचे सस्पेन्शनही हात आणि कॉइल स्प्रिंगचेच. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. त्या टॅक्स्यांवर उमर घालवलेले मिस्त्री आता थकले आहेत, काहींची दुकाने बंद झाली आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याला हंगाम संपल्यावर पंधरा दिवस निमगावला बोलवावे, राहण्या-जेवण्याची सोय करून योग्य मानधन द्यावे आणि गावातली दोन होतकरू पोरे त्याच्या हाताखाली द्यावीत. सरावाला एखादी भंगारातली पद्मिनी पुरेल.