आधी वंगण, मग रंग

शाळेच्या कार्यशाळेतला जुना लेथ दुरुस्त करायचा म्हटले की पहिल्यांदा रंगाचा डबा येतो. मला हे पटत नाही. यंत्राचा जीव बेअरिंगमध्ये असतो.

आपली केरी तेरेखोलच्या मुखाशी. खारी हवा, त्यात चार महिने पाऊस. बंद यंत्रातले ग्रीस वाळून मेणासारखे घट्ट होते. त्यावरच नवे भरणे ही नेहमीची चूक. निरनिराळ्या जातींची ग्रीस एकत्र आली की कधीकधी पातळ होऊन गळून जातात. म्हणून बेअरिंग आधी रॉकेलने किंवा डिझेलने धुऊन पूर्ण सुकवावे. हाताने फिरवताना खरखर लागली तर बदलावे.

विद्यार्थी मित्रांनो, सायकलच्या चाकातले छर्रे तुम्ही पाहिले असतील. लक्ष्मणराव किर्लोस्करांची सुरुवातही १८८८ साली बेळगावातल्या सायकलच्या दुकानातूनच झाली. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० चा. लेथच्या बॉल बेअरिंगमध्ये मोकळ्या जागेच्या साधारण तिसरा हिस्सा ग्रीस पुरते. ठासून भरले तर वेगात घुसळून तापते. बुशवर फिरणाऱ्या जुन्या लेथला मात्र ग्रीस नको, तेलच हवे, तेही रोज यंत्र सुरू करण्यापूर्वी. बुशमधल्या बारीक फटीत ग्रीस नीट पोचत नाही. (बैलगाडीच्या आसाला वंगण घालणाऱ्या आजोबांना हे शिकवावे लागले नसते!)

विश्वस्तांना विनंती, की लेथ किलोच्या भावाने भंगारात देण्याआधी एकदा बेअरिंग उघडून पाहावे. मग तेलाची बुधली मुलांकडे सोपवावी आणि शेजारी एक वही टांगावी: तारीख, कुठे तेल घातले, कोणी घातले.