सिंक तुंबलं, आणि मी खोटं बोललो

सिंक तुंबणं हा काय लेखाचा विषय झाला, असं कुणीतरी विचारणारच. मलाही तसंच वाटलं असतं. जत्रा, नाटकं, जुनी देवळं यांवर रकाने भरणाऱ्या माणसाने मोरीवर कशाला लिहायचं? पण गेल्या जानेवारीतला एक रविवार काही केल्या डोक्यातून जात नाही, आणि त्यानंतर या विषयावर माझं एक ठाम मत झालंय. ते आज सांगून टाकतो.

फोंड्यात आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. त्या रविवारी मेव्हण्याची मंडळी जेवायला यायची होती. सकाळी सातलाच स्वयंपाकघरातून हाक आली, "आयकलें? उदक वचना!" जाऊन बघतो तर सिंकमध्ये चार बोटं गढूळ पाणी, वर चहाचा चोथा, कोथिंबिरीच्या काड्या आणि तेलाचा पांढरट तवंग. आता अशा वेळी आपल्या घरांतून पहिलं काम कुठलं होतं? दोष कुणाचा ते ठरवण्याचं! मी म्हटलं, नारळाचा चोथा तू टाकलास. बायको म्हणाली, आणि काल रात्री इस्वण तळून उरलेलं तेल सिंकमध्ये कुणी ओतलं? (ओतलं होतं मीच. रविवारच्या आदल्या रात्री मासे तळणं हे माझं खातं आहे, आणि कढई रिकामी करणं हा त्यातला उरकून टाकायचा भाग.)

वाद घालण्यापेक्षा मी फडताळातून नळी साफ करायच्या पावडरीचं पाकीट काढलं. त्यावर एकच पाकीट घाला असं लिहिलेलं. मी दोन घातली. जरा फसफसलं, नाकाला झोंबणारी वाफ आली, खालची नळी हाताला चटका बसेल इतकी तापली. मग सगळं शांत. नऊ वाजले तरी पाणी होतं तिथेच.

शेवटी प्लंबरला फोन केला. हा मुलगा ओडिशातल्या केंद्रापाडा जिल्ह्यातला. त्या जिल्ह्यातलं पट्टामुंडाई हे प्लंबरांचं गाव म्हणून देशभर ओळखलं जातं, तिथे प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्थासुद्धा आहे. आपल्या नळांचं पाणी वाहतं ठेवणारे हात किती दुरून येतात! रविवार असूनही तो अर्ध्या तासात आला. वाकून सिंककडे पाहिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "साब, कुछ डाला था क्या?"

मी म्हटलं, "नहीं नहीं, बस गरम पानी।"

का खोटं बोललो? आजही नीट सांगता येत नाही. शिकलेला माणूस दोन पाकिटं ओततो हे त्याला कळू नये, असं काहीसं असावं. किंवा तो जास्त पैसे मागेल ही भीती. त्याने खाली बादली ठेवली, मान तिरकी करून ओट्याखाली शिरला आणि बॉटल ट्रॅपची वाटी फिरवली. वाटी सुटली तशी वर अडकलेलं ते सगळं पाणी त्याच्या मनगटावर आलं, आणि एक शिंतोडा डोळ्यात.

बायकोला एका क्षणात कळलं. तिने त्याला न्हाणीघरात नेलं, नळाखाली डोकं धरलं आणि डोळा उघडा ठेवून पाणी सोडत राहिली. पंधरावीस मिनिटं. शेजारच्या वहिनी खोबरेल घेऊन धावत आल्या, त्यांना तिने दारातच थांबवलं. कॉस्टिक गेलं असेल तर फक्त पाणी, भरपूर वाहतं पाणी, हे तिला माहीत होतं. लिंबू नाही, तेल नाही, दुसरं काहीही नाही. मग मी त्याला स्कूटरवर बसवून डॉक्टरांकडे नेलं. डोळा वाचला. पाणी लगेच घातलं म्हणून वाचला, असं डॉक्टर म्हणाले. मनगटावर मात्र आजही रुपयाएवढा डाग आहे. डॉक्टरांचे पैसे मी दिले, पण त्यात सांगण्यासारखं काही नाही. वाटेत तो मला एवढंच म्हणाला, "बोल देते साब, तो मैं दस्ताना पहन के खोलता।"

तर माझं मत असं: घरात कुणी दुसरा माणूस हात घालणार असेल, तर त्या नळीत आपण काय ओतलंय ते लपवणं हा अपराध आहे. आणि खरं तर ती पावडर मुळात ओतायलाच नको.

नंतर मी जरा वाचलं, विचारलं. आपल्याकडे थंडीतच सिंकं जास्त का तुंबतात? खोबरेल साधारण 24 अंशांखाली गोठतं. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे गोव्यात पारा वीसच्या आसपास जातो, बाटलीतलं खोबरेल घट्ट होतं हे आपण रोज पाहतो. मग नळीतलं पातळ राहील का? त्यात उकड्या तांदळाच्या पेजेची खळ, वाटपाचा चोथा, माशांची खवलं. झाला गिलावा! आणि त्यावर कॉस्टिक सोडा ओतला की काय होतं? तेल आणि कॉस्टिक सोडा यांचा साबण होतो, साबण करायची रीतच ती. पाणी वाहतं असेल तर तो धुऊन जातो. पाणी तुंबलेलं असेल तर तिथल्या तिथे बसून घट्ट होतो. म्हणजे मी दोन पाकिटं खर्चून नळीत वडी पाडत होतो! पावडरीत बऱ्याचदा ॲल्युमिनियमचा चुराही असतो, तो कॉस्टिकशी मिळाला की उष्णता आणि हायड्रोजन वायू. ती वाफ, तो चटका त्याचाच. आणखी एक सांगून ठेवतो, संडास धुण्याचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका. क्लोरीन निघतो.

इथे कुणीतरी म्हणेल, पूर्वी बरं होतं. मलाही आमच्या गावच्या घरची मोरी आठवते. भांडी राखेने आणि सोडणाने घासायची, तेल राखेतच जिरायचं, आणि पाणी भिंतीतल्या भोकातून परसात, केळीच्या आळ्यात. कशाला तुंबतंय! पण ही आठवण मी अर्धीच सांगत आलोय. पावसाळ्यात ते गटार पाल्यापाचोळ्याने भरायचं, तेव्हा ते उपसायला एक म्हातारी यायची. ती मागच्या दारीच थांबायची. तिला पेज वरून वाढायची, करवंटीत. तिच्या हातात काय लागत होतं, काच की काटा, हे आमच्यापैकी कुणी कधी विचारलं नाही. तेव्हाचं परस म्हणजे आताचा ओट्याखालचा अंधार, बाकी फार काही बदललं नाही. घाण आपली, हात दुसऱ्याचा.

सरकारने 2013 साली कायदा केला, मैल्याची गटारं आणि सेप्टिक टाक्या यांत माणसाला साधनांशिवाय उतरवायला बंदी घातली. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंसाठी भरपाई तीस लाखांवर नेली. तरी बातम्या थांबलेल्या नाहीत. स्वयंपाकघरातलं सिंक त्या कायद्यात येत नाही, यायचं कारणही नाही. म्हणून तर ते आपल्यावर सोडलेलं आहे.

आणि काम तरी केवढं! त्या अपघातानंतर मी ते शिकलो, त्याच मुलाकडून. सिंकखालची वाटी हाताने फिरते, पान्यासुद्धा लागत नाही. खाली बादली ठेवायची, रबरी हातमोजे घालायचे, वाटी काढून गरम पाण्याने आणि साबणाने धुवायची, वायसर जागेवर बसलाय ना ते बघून परत लावायची. दहा मिनिटं. त्या वाटीत पाणी का राहतं हेही तेव्हा कळलं. ते पाणीच गटाराचा वास आणि झुरळं वर येऊ देत नाही. ही युक्ती जुनी आहे. अलेक्झांडर कमिंगने 1775 साली संडासासाठी वाकड्या नळीचं पेटंट घेतलं, तत्त्व तेच. आणि गंमत म्हणजे, जमिनीवरचं पाणी जाण्यासाठी जी जाळीची वाटी बसवतात, तिला देशभरचे इंजिनिअर 'नहानी ट्रॅप' म्हणतात. आपली न्हाणी त्यांच्या इंग्रजी पुस्तकात जाऊन बसलीय! असो.

वाटीतही घाण नसेल, तर अडथळा पुढे भिंतीत किंवा खाली गली ट्रॅपमध्ये. तिथे प्लंबरच हवा, त्याच्याकडे लांब स्प्रिंग असते. पण तोवर रबरी पंपाने चारपाच दणके देऊन बघावेत. बहुतेकदा तेवढ्यावर भागतं. आणि रोजचं म्हणाल तर दोनच गोष्टी: सिंकच्या तोंडाशी बारीक जाळी, आणि तेलकट कढई आधी जुन्या वर्तमानपत्राने पुसून मग पाण्याखाली. उरलेलं तेल मी आता जुन्या डब्यात साठवतो. बायको म्हणते, पंचवीस वर्षांत पहिल्यांदा तू कढई शेवटपर्यंत सांभाळलीस.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वाटी मीच काढतो. पहिल्या वेळी जे हाती आलं त्याचं वर्णन जेवणाच्या वेळी वाचणाऱ्यांसाठी करत नाही. किळस आली, खोटं कशाला बोलू? पण ती किळस माझ्याच घरच्या जेवणाची होती. ती मी कुणाला महिन्याला दोनशे रुपये देऊन विकत होतो, हे मला त्या दिवशी कळलं.

गेल्या आठवड्यात आमच्या खालच्या मजल्यावर सिंक तुंबलं. तोच मुलगा आला होता. मी जिना उतरत होतो, दार उघडंच होतं. त्याने विचारलं, "कुछ डाला था क्या?" घरमालक म्हणाले, "छे छे, काही नाही." ओट्याच्या कोपऱ्यात, पाण्याच्या पिंपामागे, रिकामं पाकीट दिसत होतं. मी आत गेलो, ते उचललं आणि त्याच्या हातात दिलं. घरमालक अजून माझ्याशी बोलत नाहीत.