घरपट्टी आपण भरतो, पण घर कुणाच्या नावावर?

नरडाणा आणि शिंदखेडा तालुक्यातल्या आपल्या कोणत्याही वस्तीत जा. "हे घर तुमच्या मालकीचे कशावरून?" असे विचारले की घरातला कर्ता माणूस पेटी उघडतो आणि घरपट्टीची पावती काढून दाखवतो. पावती वडिलांच्या नावाची असते, कधी आजोबांच्या. "इतकी वर्षे भरतो आहोत, आणखी काय पुरावा पाहिजे?" असे तो म्हणतो. त्याचे म्हणणे रास्त वाटते. पण कायद्याच्या नजरेत ती पावती कर भरल्याचा पुरावा आहे, मालकीचा नव्हे. या वेळी आम्ही हाच विषय घेतला आहे.

विषय आजच घ्यावा असे नरडाण्यात बरेच काही घडते आहे. मुंबई-आग्रा महामार्ग आहे, एमआयडीसी आहे. धुळे-नरडाणा रेल्वेमार्गाची पायाभरणी १६ फेब्रुवारी २०१९ रोजी धुळ्यात झाली. पुढे २ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या मार्गाला मंजुरी दिली. रस्ता येतो, रूळ येतात, कारखाने येतात, तेव्हा जागेला भाव येतो. भाव आला की भाऊबंदकीही येते. सरकारने जागा घेतली तर मोबदला कागद पाहून मिळतो, घरात कोण किती वर्षे राहिले एवढ्यावर नाही.

मग कागद कोणता? आधी आपले घर कुठे आहे ते पाहावे.

घर जुन्या गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा फक्त कर आकारणीचा उतारा आहे. खरा कागद म्हणजे भूमी अभिलेख खात्याची मिळकत पत्रिका, जिला लोक प्रॉपर्टी कार्ड म्हणतात, आणि सनद. अनेक गावठाणांची मोजणीच पूर्वी झाली नव्हती. ड्रोनने गावठाण मोजण्याचा पहिला प्रयोग आपल्या राज्यात पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावी झाला. २४ एप्रिल २०२० पासून हेच काम देशभर 'स्वामित्व' योजनेतून सुरू झाले. मोजणीआधी चुन्याने हद्दी आखतात, नंतर चौकशी होते आणि हरकती ऐकतात. त्या दिवशी मजुरी बुडाली तरी चालेल, घरातले एक जाणते माणूस तिथे हजर असावे. घरपट्टीच्या जुन्या पावत्या आणि वीजबिले फेकू नयेत. मालकी त्यांनी ठरत नसली तरी ताबा दाखवायला त्यांचाच आधार होतो.

घर गावठाणाबाहेरच्या प्लॉटवर असेल तर सातबारा पाहावा आणि जागा बिनशेती झाली आहे काय ते विचारावे. बरेच बांधव साध्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून प्लॉट घेतात आणि निश्चिंत होतात. शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीचे खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावेच लागते. नुसत्या करारपत्राने आणि मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०११ रोजी सूरज लँप प्रकरणात स्पष्ट केले आहे.

जागा जुन्या महार वतनाची असेल तर अधिक जपावे. ही वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली आणि जमिनी नवीन शर्तीवर परत मिळाल्या. अशी जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. "फक्त अंगठा द्या, बाकी आम्ही पाहतो" असे म्हणत कुणी दारी आले तर त्याला चहा पाजावा, पण अंगठा देऊ नये.

आता घरातली गोष्ट. वडील वारले, मृत्युपत्र नाही, मग घर कुणाचे? पुष्कळ घरांत उत्तर ठरलेले असते: मुलांचे. कायदा तसे म्हणत नाही. आपण बुद्धाचा धम्म स्वीकारला असला तरी वारसाहक्कासाठी आपल्याला १९५६ चा हिंदू वारसा कायदाच लागू आहे. त्याच्या दुसऱ्या कलमात बौद्धांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्याप्रमाणे वडिलांच्या स्वकष्टार्जित घरात विधवा आई, मुलगे आणि मुली यांचा हिस्सा सारखा. आई, दोन भाऊ, एक बहीण असतील तर प्रत्येकाचा चौथा हिस्सा. वडिलांची आई हयात असेल तर तिचाही एक, म्हणजे पाच हिस्से.

राहत्या घरात वाटणी मागायला पूर्वी लेकींना बंदी होती. भावांनी वाटणी केली तरच त्यांना मागता येई. २००५ च्या दुरुस्तीने ते कलम निघाले आणि वडिलोपार्जित मिळकतीत लेक जन्मापासून हक्कदार ठरली. वडील त्या दिवशी हयात असलेच पाहिजेत असे नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी दिला. स्त्रियांच्या या हक्कासाठीच बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल मांडले आणि १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले.

आणि आपल्या घरांत काय होते? आखाजीला माहेरी आलेल्या बहिणीला साडीचोळी करतात आणि जेवण झाल्यावर हक्कसोडपत्राचा कागद पुढे ठेवतात. बहीण भावाचे तोंड पाहून सही करते. तिने मनापासून हक्क सोडला तर तो तिचा अधिकार आहे. पण कागद वाचून न दाखवता घेतलेली सही ही फसवणूक आहे, मग घेणारा सख्खा भाऊ का असेना. आम्ही भावांना विचारतो: जयंतीच्या मिरवणुकीत ज्यांचा फोटो डोक्यावर घेतो, त्यांनी बहिणीला दिलेले आपण काढून घ्यायचे काय?

म्हणून या महिन्यात एवढे करावे. ग्रामपंचायतीच्या भाऊसाहेबांकडून नमुना ८ चा उतारा घ्यावा आणि त्यावर नवऱ्याबरोबर बायकोचे नाव लावण्याचा अर्ज द्यावा. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मिळकत पत्रिकेची चौकशी करावी. वडील वारले असतील तर वारस नोंदीसाठी मृत्यूचा दाखला जोडून अर्ज द्यावा, त्यात आई आणि बहिणी यांची नावे गाळू नयेत. प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी. तंटा झालाच तर अनुसूचित जातीच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना १९८७ च्या कायद्याने मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. त्यासाठी धुळ्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे.

३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब वकील म्हणून धुळ्याला आले होते. त्या आठवणीसाठी दरवर्षी लळिंगच्या लांडोर बंगल्यावर आपली गर्दी होते. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, महारवाड्यांची भीमनगरे झाली. वस्तीचे नाव बदलले. आता घराच्या कागदावर आपले, आपल्या आईचे आणि आपल्या लेकीचे नाव आले पाहिजे. ते काम आपल्यासाठी दुसरे कुणी करणार नाही.

जय भीम!