पद्मिनीचा घसा

घसा बसला की शहाणा माणूस मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करतो. गळा कापून नवा बसवून घेत नाही. पण हेच दुखणं जुन्या मोटारीला झालं, की ओळखीपाळखीतला प्रत्येक इसम हातात करवत घेऊन उभा राहतो.

आमची गाडी १९७६ सालची प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसीची, स्टिअरिंगखाली गिअरचा दांडा असलेली. वडिलांनी तिच्यात रेडिओ बसवला तेव्हा गाडीचं एक लायसन, चालवणाऱ्याचं एक आणि रेडिओचं पोस्टातून काढलेलं एक, अशी तीन लायसनं घरात नांदत होती. स्पीकर मात्र एकच. डॅशबोर्डाखाली, जमिनीकडे तोंड करून. विविध भारती आधी वडिलांच्या गुडघ्यांना ऐकू येई, मग आम्हाला.

२०१५ च्या मे महिन्यात तो स्पीकर फाटला. निवेदक पापड मोडत मोडत बातम्या देतोय असं वाटायला लागलं.

"काका, चार नवे टाका," पुतण्या म्हणाला. "दोन पुढच्या दारांत, दोन मागच्या काचेखाली. शिवाय अ‍ॅम्प्लिफायर."

"दारात जागा कुठाय?"

"कापायची!"

हे 'कापायची' त्यानं कलिंगडाबद्दल बोलावं तसं उच्चारलं. माझं भांडण आहे ते या शब्दाशी. मी काही सोवळ्यातला माणूस नव्हे. पद्मिनीचे टायर मी बदललेत, वायपर बदललेत, सीटवर टर्किशचा टॉवेलसुद्धा अंथरलाय (तो बायकोच्या आग्रहानं). जे पान्यानं निघतं आणि पान्यानं पुन्हा बसतं, ते खुशाल बदला. करवतीनं केलेलं काम कुठल्या पान्यानं उलटं फिरवता?

भोकं पाडणाऱ्या मंडळींना आणखी एक विचारतो. मोटारीच्या दाराच्या आत पाऊस पडतो, हे ठाऊक आहे का? काचेवरून ओघळलेलं पाणी दाराच्या पोटात उतरतं आणि तळाच्या बारीक छिद्रांतून बाहेर जातं. तशी सोयच असते. त्या धबधब्याखाली तुम्ही स्पीकर टांगणार आणि कापलेला पत्रा बिनरंगाचा उघडा सोडणार. माझ्या एका स्नेह्यानं हे केलं. चार पावसाळ्यांत दारांना गंज धरला. नवी दारं आणायची कुठून? ही गाडी बनायची थांबून वीसाहून जास्त वर्षं झालीत. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. स्नेह्याची गाडी शेवटी भंगारात गेली. स्पीकर शाबूत आहेत, दिवाणखान्यात असतात.

आणि मिळवायचं काय? मध्यम लहरींवरून येणारा आवाज जेमतेम साडेचार-पाच हजार हर्ट्‌झपर्यंतचा. त्याच्या वरचं नव्या स्पीकरनं वाजवायचं ठरवलं तरी आणायचं कुठून? नळाला पाणी नाही आणि म्हणे तोटी चांदीची बसवा! शिवाय जुना रेडिओ आठ ओहमच्या स्पीकरचा, नवे स्पीकर चार ओहमचे. म्हणजे रेडिओवर दुप्पट बोजा. आणि अ‍ॅम्प्लिफायर? खोक्यावरचे हजार वॅट सोडून द्या. तीनशे वॅट म्हटले तरी बारा व्होल्टच्या बॅटरीतून पंचवीस अँपिअर ओढणार. आमच्या गाडीला डायनामो आहे. सिग्नलला उभी राहिली की तिचे हेडलाइट समईसारखे मिणमिणतात. तिनं तीनशे वॅट गायचं, तर दिवे विझवून गायला हवं.

पुतण्याला घेऊन मी पुण्यातल्या पासोड्या विठोबाच्या बाजारात गेलो. एका बोळात एक म्हातारे मिस्त्री भेटले. त्यांनी स्पीकर कानाशी धरून टकटक केलं आणि म्हणाले, "चुंबक ठणठणीत आहे. कागद गेलाय. उद्या या."

आम्ही गेलो नाही, तिथंच उभे राहिलो. त्यांनी फाटका कागद खरवडून काढला. चुंबकाच्या फटीतली चाळीस वर्षांची धूळ चिकटपट्टीनं टिपली. मग नवी कॉइल आत सोडली आणि ती मधोमध बसावी म्हणून भोवती फिल्मच्या पट्ट्या खोचल्या. निरखून पाहिलं तर कुणाच्या तरी छातीचा एक्स-रे! बरगड्या स्पष्ट दिसत होत्या. वर नवा कागद, कडेनं गोंद. "रात्रभर हलवायचं नाही," त्यांनी बजावलं. ऑपरेशननंतर डॉक्टर बजावतात तसं. बिल साडेतीनशे रुपये.

दुसऱ्या दिवशी चार स्क्रू पिळून स्पीकर जागेवर बसवला. वडील जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. बटण फिरवलं आणि आवाज आधी माझ्या गुडघ्यांना ऐकू आला.

पुतण्या बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, पण स्टिरिओ नाही हो. आवाज एकाच बाजूनं येतो."

म्हटलं, "दुसरी बाजू इंजिन सांभाळतं. चल, ढकल आता."